मढ्याच्या चपला

“मेलेली माणसं पळतात कुठं हो ताई? मेल्यावर कसली आलीय घाई?”

सुवर्णा टॉकीजच्या पायऱ्या उतरता उतरता हाफ शर्टातले एक गृहस्थ मलाच जाब विचारत होते, जसा काही पिक्चर मीच काढला होता.

“आधी नाव तर सांगा,” मी म्हणाले.

“लिहा. बाळगोंडा पाटील, हलकर्णी. आणि हेही लिहा, की जुन्यातली मढी कशी दमानं यायची. आपल्याला भ्यायला वेळ मिळायचा. ह्यात आपण भ्यायच्या आत खाऊन मोकळी!”

माझ्या मागं उभ्या असलेल्या मामांनी खाली मान घालून सगळं वहीत टिपून घेतलं. मामा म्हणजे माझे सासरे, महिपती खोराटे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. नांगरवाडीत त्यांची पिठाची गिरणी होती. अक्षर असं, की दळणाच्या डब्यावर खडूनं नाव घातलं तरी लग्नाची पत्रिका वाटावी. त्या अक्षराच्या मोहापायीच मी त्यांच्या हातात वही दिली होती. आणि देताना मला चांगलंच ठाऊक होतं, की मी विस्तवाशी खेळतेय.

सांगते. ही दोन हजार दहा सालची गोष्ट. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते, आणि कोल्हापूरच्या एका पेपरची गडहिंग्लजची बातमीदार होऊन चार. बातमीदार हा आपला म्हणायला शब्द. सत्कार, तुंबलेल्या गटारी आणि सोसायटीच्या सभा, एवढीच माझी झेप. आणि एका दुपारी निंबाळकरसाहेबांचा फोन आला.

“खोराटेबाई, ‘गावात मढी’ नव्यानं काढलाय मुंबईवाल्यांनी. शुक्रवारी पहिला शो. जुना पिक्चर तुमच्याच भागात झाला होता ना? मग शो सुटला की दारात उभ्या राहा. वेगवेगळ्या वयाची दहा माणसं धरा, मतं घ्या. जुना बरा की नवा बरा. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान देतो.”

अर्धं पान! मी हुरळून गेले. आणि दुसऱ्याच क्षणी चपापले, कारण लग्न ठरलं तेव्हाच आमच्या ह्यांनी मला बजावलं होतं. ते मामांना आबा म्हणतात.

“ह्या घरात काय वाट्टेल ते बोल, फक्त त्या पिक्चरचं नाव काढू नको. आबा त्यात मढं झाले होते. शूटिंगमध्ये त्यांच्या हातून काहीतरी चुकलं. पिक्चर पडला, आणि ज्यांनी काढला त्या इंगवले मास्तरांनी परत कॅमेऱ्याला हात लावला नाही. ते सगळं आपल्यामुळंच झालं, असं आबांच्या डोक्यात बसलंय. पंचवीस वर्षं झाली, पिक्चर बघितला नाही की घरात लावू दिला नाही.”

“पण चुकलं काय?”

“मला काय विचारतेस? मी तेव्हा पाळण्यात होतो! आणि गावातही त्याविषयी कुणी तोंड उघडत नाही.”

शुक्रवारी माझ्याबरोबर येणाऱ्या फोटोग्राफरनं ऐन वेळी टांग दिली. फोटो माझे मी काढले असते, पण एका हातात कॅमेरा धरून लिहिणार कशानं? नेमके मामा त्याच दिवशी गिरणीचा पट्टा शिवून आणायला गडहिंग्लजला निघाले होते.

“मामा, तासभर थांबाल माझ्यासोबत? लोकांची मतं लिहून घ्यायची आहेत.”

“कशावर?”

“पिक्चरवर.”

“कुठल्या?”

“नवाच आलाय,” मी म्हणाले. आता ह्यात खोटं काय होतं?

टॉकीजसमोर एसटीतून उतरलो आणि मामांना पोस्टर दिसलं. वरपासून खालपर्यंत त्यांनी ते नीट वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मी चोरासारखी उभी.

“मामा, नको असेल तर राहू दे. मी करते कसंतरी.”

“थांबतो म्हणालो न्हवं?” असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अर्धं पानही सोडवत नव्हतं. खरं तेच सांगते.

बाळगोंडा पाटलांनंतर कॉलेजातला एक पोरगा आला, गळ्यात हेडफोन अडकवलेला.

“ग्राफिक्स एक नंबर! रक्त तर कसलं दाखवलंय! पण चपलांचा सीनच नाही ना राव. पप्पा तेवढ्यासाठी आले होते. शिट्टी मारायची म्हणून तोंडातला तंबाखू थुंकून बसले होते. शेवटपर्यंत सीनच नाही!”

पाठोपाठ एक शिंपी आणि एक प्राथमिक शाळेतल्या बाई आल्या. त्यांचंही तेच. चपला कुठं गेल्या? शिंपीदादा तर चिडलेच होते. “लग्नाला बोलावलं आणि जिलबी नाही, त्यातली गत केली,” म्हणाले.

जुना पिक्चर ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावातली मेलेली माणसं उठतात आणि वेशीतून आत येतात. एका घरात एक बाई तान्ह्या पोराला घेऊन धान्याच्या कणग्यांमागं लपलेली असते. पहिलं मढं त्या घराच्या उंबऱ्यापाशी येतं. मान वाकडी, अंग पांढरंफटक. थांबतं. पायातल्या चपला काढतं, भिंतीकडेला जोडीनं नीट लावून ठेवतं, आणि मग आत शिरतं. बस, एवढंच. निपाणीला माहेरी टीव्हीवर लागला, की आम्ही भावंडं तिथं खिदळायचो आणि लगेच एकमेकांना बिलगायचो. हसू येतंय तर भीती का वाटते, ते काही कळायचं नाही.

गर्दी जरा विरळ झाली तशी मी मामांच्या हातातल्या वहीत डोकावले. बाळगोंडा पाटलांचं मत एकटाकी उतरलेलं. आणखी तिघाचौघांचंही. पण कॉलेजच्या पोराचं नाव होतं, गाव होतं आणि खाली कोरं. शिंप्याचं कोरं. बाईंचंही कोरं.

“मामा, हे काय? ह्यांची मतं कुठायत?”

“ऱ्हायली.”

“तिघांची राहिली? आणि तीही नेमकी चपलांची?”

मामांनी पेनाला टोपण लावलं. “लोकांच्या चेष्टेचं काय लिहायचं, पोरी?” म्हणाले आणि टॉकीजच्या आवारातल्या चहाच्या गाड्याकडं चालू लागले.

मी मागोमाग गेले. बाकावर बसलो. दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत मामा नुसते पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मी लग्न होऊन आल्यापासून कधी त्यांना असं बघितलं नव्हतं. एरवी गिरणी घरघरत असताना तिच्या वरताण आवाज काढून बायकांची थट्टा करणारा माणूस.

“इंगवले मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे,” ते एकदम म्हणाले. “पिक्चर काढायचं खूळ लई. गावात आले आन् मी गिरणीतनं भाईर पडत व्हतो, डोक्यापास्नं पायापतुर पिठानं माखलेला. मला बघून म्हणले, ‘हे आयतंच मढं गावलं की रे!’ मग काय, समद्या गड्यांना जोंधळ्याचं पीठ फासलं. दोन पोती पीठ दिलं म्या. कुत्री मागं लागायची चाटायला.”

मला हसू येत होतं. मी ते दाबलं.

“गावच्या पाटलाच्या घरात शेवटचं काम व्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं बारसं, म्हंजे घर मिळणार ते सांजपतुरच. आन् रीळ संपत आल्यालं. मास्तर म्हणले, ‘महिपती, तू म्होरं. मान वाकडी, डोळं ताठ, सरळ आत जायचं. एकदाच हुईल, परत न्हाई.’ धा येळा घोकलं बघ. मान वाकडी केली. डोळं ताठ केलं. उंबऱ्यापाशी आलो, आन्…”

“आणि?”

“चपला काढल्या.”

एक क्षण मला कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा, देवा शपथ, मी फसकन हसले. हातातला चहा साडीवर सांडला. म्हणजे ते मढं, सगळ्या महाराष्ट्राचं लाडकं मढं, हे आमचे मामा?

“तूबी हसलीस,” मामा म्हणाले.

रागावून नाही हं म्हणाले. पण त्या दोन शब्दांनी मी जागच्या जागी थिजले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या साडीवर सांडलेल्या चहाकडं बोट केलं आणि तो माझ्या हातात दिला.

“दुसऱ्याच्या घरात चपला घालून कसं शिरायचं सांग मला. आन् समोरच त्यांचं देवघर. पाय उचलंचना. चपला काढून आत गेलो तवर समदी माणसं हसायला लागली. मास्तर डोक्याला हात लावून खालीच बसले. ‘घालवलास रे महिपती, घालवलास माझा पिक्चर!’ ह्या कानांनी ऐकलंय. पाय आपोआप चपलांत शिरले आन् तडक गिरणी गाठली. पिक्चर आठवड्यात उतरला. लोक हसली म्हणं. भ्यायच्या जाग्याला लोक हसली तर काय ऱ्हायलं त्यात? मास्तरांनी दुसरा काढला न्हाई. बाजारात समोरनं आले तर मी गल्ली बदलायचो. पुढं ते वारले. त्यांच्या मातीलाबी गेलो न्हाई, कुठल्या तोंडानं जाऊ?”

“पण मामा, तो पिक्चर नंतर केवढा गाजला! टीव्हीवर, सीडीवर…”

“मास्तर गेल्यावर. आन् गाजला म्हंजे लोकांनी काय केलं? हसलीच न्हवं?”

मी साडी पुसून टॉवेल त्यांना परत दिला. मी तर आत्ताच हसले होते.

एवढ्यात एक आजी गुडघ्यावर हात टेकत टेकत आमच्या बाकापाशी आल्या. शो सुटून अर्धा तास झाला तरी त्यांचं उतरणं चाललेलंच होतं. नाकात चमकी, हातात पाण्याची बाटली.

“पेपरवाली न्हवं तू? माझं बी मत घे. अक्काताई चौगुले, भडगाव. जुना पयल्या आठवड्यात बघितलाय, ह्याच टॉकीजात.”

मी मामांच्या हातातली वही घ्यायला गेले. त्यांनी सोडली नाही.

“सांगा आजी,” मी म्हणाले. “आणि चपलांचं सांगा.” मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती.

“तेच सांगाय आले,” आजी बाकावर टेकल्या. “ह्या नव्यात मढी बुटासकट घरात घुसत्यात. मग ती कुणाची का असंनात, आपल्याला काय? जुन्यातला त्यो चपला काढतो बघ, तिथं माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. आमचं मालक जाऊन तवा वरीस झालं हुतं. मला वाटलं, बाई गं, ह्यो खायला न्हाई आला. ह्यो घरी आलाय. मेला खरा, पण वळण मेलं न्हाई त्याचं. आता ह्याला भ्यायचं का ह्याला पाणी द्यायचं? मला काय कळंना.”

मामांनी विचारलं, “हसला न्हाईसा तुम्ही?”

“हसले की! समदी हसली. मी हसले आन् मग भडगाव येईस्तोवर यष्टीत रडले. कंडक्टर इचारायला लागला, काय झालं म्हणून.”

मामा वहीवर वाकले. “‘वळण’ म्हणलासा न्हवं?” त्यांनी विचारलं, आणि सगळंच्या सगळं लिहून काढलं. आजींनी चष्मा लावून ते तपासलं, अक्षराचं कौतुक केलं आणि गेल्या. ज्यांच्या अक्षराचं कौतुक केलं ते कोण, हे मी त्यांना सांगणार होते. मामांनी मानेनं नको म्हटलं.

“बघा!” मी म्हणाले. “झालं का समाधान?”

“बाई मोठ्या मनाची,” मामा म्हणाले. पण चेहरा तसाच. “ती बघणारी. तिला काय वाटलं ते खरं. मास्तरांना काय वाटलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यांचा पिक्चर, पोरी. त्यांचा. त्यांना तर वाटलं, गेला.”

मास्तर थोडेच उठून सांगायला येणार होते. पण मीही निपाणीची, हटायची नाही. रस्त्यापलीकडं अस्लमभाईचं सीडीचं दुकान होतं. नवा पिक्चर लागला म्हणून त्यानं जुन्याच्या सीडींची चळत दारातच मांडली होती, आणि आतल्या टीव्हीवर तोच चालू होता.

“चला,” मी उठले. “बघून येऊ.”

“न्हाई.”

“मामा, पंचवीस वर्षं शिक्षा भोगताय. एकदा गुन्हा तरी बघा की काय केलाय तो!”

घरात त्यांच्याशी असं कुणी बोलत नव्हतं. सासूबाई होत्या तोवर त्या बोलायच्या म्हणे. आणि मामा, काय मनात आलं कोण जाणे, उठले.

दुकानात आम्ही दोघं आणि अस्लमभाई, एवढेच. तीन वाजले असतील. मी चपलांचा सीन म्हटल्यावर अस्लमभाईनं न विचारता पुढं सरकवून नेमका तिथं आणला. दिवसातून वीस वेळा तेच करत असावा.

वेशीतून मढी आली. सगळ्यांत पुढं एक उंच, काटकुळा गडी. पाठमोरा.

“केवढं केस व्हतं मला,” मामा पुटपुटले.

गडी उंबऱ्याशी आला. थांबला. चपला काढल्या, वाकून जोडीनं लावल्या आणि आत गेला. मामांनी डोळे मिटून घेतले. “आता माणसं हसल्याली ऐकू येतील,” म्हणाले.

हसणं ऐकू आलं नाही. मामांनी डोळे उघडले. पडद्यावर आता माणूस नव्हता. भिंतीकडेला लावलेली चपलांची जोडी होती, अगदी जवळून दाखवलेली. उंबऱ्यावर पिठाचं एक पांढरं पाऊल. आतून तान्ह्या पोराचं रडणं, आणि मग तेही थांबलं. चपला तशाच. कॅमेरा हलत नव्हता.

“सगळ्या पिक्चरमधला सगळ्यात लांबडा शॉट,” अस्लमभाई अभिमानानं म्हणाला. “ह्यासाठीच लोक सीडी नेतात.”

मामा टीव्हीच्या इतके जवळ गेले, की नाक लागेल.

“थांबव,” ते म्हणाले. “हितंच थांबव.”

अस्लमभाईनं थांबवलं.

“ह्या माझ्या न्हाईत.”

“काय नाहीत?”

“चपला. माझ्या टायरच्या व्हत्या. आन् त्या तर मी पायात घालून पळालो. ह्या बघ, गोंड्याच्या हायेत. कापशी गावच्या. नांगरवाडीत असल्या कुणाच्या पायात? मास्तर घालायचे. चालले की करकर वाजायच्या, आम्ही लांबनं ओळखायचो मास्तर आले म्हणून.” त्यांनी काचेवर गोंड्यांपाशी बोट टेकवलं. “सांजच्याला दोनदा माणूस आला व्हता मला बोलवाय. मला वाटलं, शिव्या घालायला बोलवत्यात. म्या दारच उघडलं न्हाई.”

अस्लमभाई एकदा चपलांकडं, एकदा मामांकडं बघायला लागला.

“म्हंजे मी आलो न्हाई,” मामा सावकाश म्हणाले, “म्हणून त्यांनी सोताच्या काढून ठेवल्या. माझ्या म्हणून.” मग माझ्याकडं वळले. “आन् रीळ न्हवतं की गं त्यांच्याकडं! परत घ्यायलाबी रीळ न्हवतं. मग ह्याला कुठनं आणलं? एवढं लांबडं?”

मामांनी टॉवेल तोंडाला लावला आणि त्या तेवढ्याशा दुकानात, सीडींच्या चळतीत उभं राहून, तो धिप्पाड म्हातारा हमसून हमसून रडला. अस्लमभाईला आता कुठं उलगडा झाला. त्यानं धडपडत स्टूल पुढं केलं. “काका, तुम्ही? ते मढं तुम्ही?” एवढंच त्याच्या तोंडून येत होतं. त्यानं जाऊन शेजारच्या दुकानातल्या दोघांना बोलावून आणलं.

मामांनी तो सीन परत लावायला सांगितला. मग परत. तिसऱ्यांदा वाकड्या मानेचा तो काटकुळा गडी चपला काढायला वाकला, तेव्हा मामा खो खो हसले. “आरं, काय येडं हाय बघा!” म्हणाले. आम्ही सगळेच हसलो. ह्या वेळी मी मोकळ्या मनानं हसले.

दुकानातून बाहेर पडलो. मामांनी तोंडावर पाणी मारलं, टॉवेल खांद्यावर टाकला, वही माझ्या हातात दिली आणि पेनही दिलं.

“माझं बी मत घे.”

“तुमचं? मामा, तुम्ही नवा कुठं बघितलाय?”

“लिही तू.”

मी भररस्त्यात गुडघ्यावर वही टेकवली. मामा, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तसे, दोन्ही हात सरळ सोडून उभे राहिले.

“महिपती गणू खोराटे. नांगरवाडी. पिठाची गिरणी.” त्यांनी घसा साफ केला. “नवा बघितला न्हाई. जुन्यात मी हाय.”